निवृत्तांना परत बोलवा, पण अटी आधी कागदावर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवृत्त झालेल्या माणसाला पुन्हा कामावर यायला आवडेल का, हा प्रश्न गेली काही वर्षे सतत चर्चेत आहे. शाळेत शिक्षक नाहीत, कार्यालयांत टेबले रिकामी आहेत, कारखान्यांत जाणते कामगार उरलेले नाहीत. मग साहजिकच नजर निवृत्तांकडे वळते. उत्तर म्हणून दोन ठरलेली वाक्ये येतात: ‘घरी बसून कंटाळा येतो’ आणि ‘आता आराम करू द्या’. दोन्ही खरी आहेत. पण ‘यायला आवडेल का’ याच्या आधी ‘कोणत्या अटींवर’ हे विचारायला हवे, आणि ते कुणी विचारत नाही. पेन्शन, भविष्यनिर्वाह निधी आणि आयकर यांच्या कागदपत्रांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्यांना हे फार जाणवते. म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. निवृत्त म्हणजे एकच एक वर्ग नव्हे. सरकारी पेन्शन घेणारा आणि ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेल्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन घेणारा, या दोघांना एकच प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. पहिल्याला शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे आणि त्यावर महागाई सवलत मिळते. दुसऱ्याच्या पेन्शनचे सूत्र असे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,००० रुपये. ऑगस्ट २०१४ पर्यंत ती ६,५०० होती. म्हणजे १५,००० च्या मर्यादेवर पूर्ण ३५ वर्षे भरली तरी पेन्शन ७,५००. प्रत्यक्षात २०१४ च्या आधीची सेवा जुन्या मर्यादेने मोजली जाते. त्यामुळे १९९५ मध्ये योजना सुरू झाली तेव्हापासून सभासद असलेला आणि २०२५ मध्ये ५८ वर्षे पूर्ण केलेला कामगार चार-साडेचार हजारांच्या आसपास थांबतो. त्याआधी निवृत्त झालेल्यांची अवस्था याहून वाईट. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे आणि या पेन्शनवर महागाई भत्ता नाही. एसटीचे चालक-वाहक, साखर कारखान्यांचे कामगार, सूतगिरण्या, सहकारी बँका, एमआयडीसीतल्या कंपन्या, हे सगळे याच योजनेत येतात. यांच्यातला कुणी निवृत्तीनंतर सोसायटीच्या गेटवर बसतो तेव्हा त्याला ‘मन रमवायला काम करता का?’ असे विचारू नये.

आता सरकारी बाजू. केंद्राच्या खर्च विभागाने ९ डिसेंबर २०२० रोजी, निवृत्त केंद्रीय कर्मचाऱ्याला कराराने परत घेतल्यास किती मोबदला द्यायचा हे ठरवून दिले. निवृत्तीच्या वेळचे मूळ वेतन, त्यातून मूळ पेन्शन वजा, उरेल ती ठोक रक्कम. करार संपेपर्यंत ती बदलत नाही. वेतनवाढ नाही, महागाई भत्ता नाही. पूर्ण केलेल्या प्रत्येक महिन्यामागे दीड दिवस रजा, तीही पुढच्या वर्षात नेता येत नाही. पेन्शन आणि तिच्यावरची महागाई सवलत मात्र चालू राहते.

आकडे घालून पाहू. शेवटचे मूळ वेतन ८०,००० असेल तर मूळ पेन्शन ४०,००० आणि कराराचा मोबदला ४०,०००. हाच माणूस नोकरीत असताना, जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्के दराने, मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १,२६,४०० घेत होता. घरभाडे भत्ता वेगळा. घरी बसला तरी पेन्शन आणि सवलत मिळून ६३,२०० त्याला मिळणारच आहेत. म्हणजे कार्यालय त्याच खुर्चीसाठी, त्याच जबाबदारीसाठी, त्याला पूर्वीच्या एक तृतीयांशाहूनही कमी देऊ करते. शिवाय ज्याने पेन्शनचा काही भाग अंशराशीकरण करून एकरकमी घेतला, त्याच्या बाबतीतही वजावट पूर्ण मूळ पेन्शनचीच होते. ४० टक्के विकले असतील तर मूळ पेन्शनचे २४,००० हातात येतात, पण वजा ४०,००० होतात. ही गोष्ट पुष्कळांना रुजू झाल्यावर, पहिल्या महिन्याचे पैसे हातात आल्यावर कळते. करार करण्यापूर्वी पेन्शन मंजुरीचा आदेश समोर ठेवून ही वजाबाकी स्वतः करून पाहावी. दहा मिनिटांचे काम आहे.

राज्यातले सर्वांना माहीत असलेले उदाहरण शिक्षकांचे. ७ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषदेच्या शाळांतील रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना कराराने घेण्याचा मार्ग खुला झाला. मानधन दरमहा २०,००० रुपये, इतर कोणतेही लाभ नाहीत, कमाल वय ७०. त्यावर डी.एड., बी.एड. झालेल्या तरुणांनी राग व्यक्त केला आणि तो रास्त होता. पण त्या वादात निवृत्त शिक्षकाच्या बाजूचे व्यावहारिक प्रश्न मागे पडले. शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. एसटीत पुरुषांना निम्मे भाडे ६५ पासून, मोफत प्रवास ७५ पूर्ण झाल्यावर. म्हणजे साठीतला शिक्षक तालुक्याच्या गावातून वाडीवरच्या शाळेत रोज पूर्ण भाड्याने जाणार, आणि बहुतेक ठिकाणी शेवटचे दोन-चार किलोमीटर दुचाकीने. २०,००० मधून हा खर्च गेल्यावर उरते ते पाहून जवळच्या शाळेतला शिक्षक येईल, लांबचा येणार नाही. आणि शिक्षक मिळत नाही तो नेमका लांबच्याच शाळेला. मानधन सगळीकडे सारखे ठेवले की दुर्गम शाळा शेवटी रिकामीच राहते. अंतराप्रमाणे प्रवासखर्च वेगळा दिला तर हेच मानधन पुरेसे ठरू शकते.

दुसरी अडचण कामाच्या स्वरूपाची. निवृत्त शिक्षकाकडे वाचन-लेखन पक्के करून घेण्याची हातोटी असते. पहिली-दुसरीच्या मुलाला जोडाक्षर कुठे अडते, हातच्याची वजाबाकी कुठे चुकते, हे त्याला पाटीकडे पाहून कळते. त्याला ते काम द्यावे. त्याऐवजी द्विशिक्षकी शाळेत पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायस या शाळांच्या ऑनलाइन नोंदणीतली माहिती, आधार जुळवणी, अशी मोबाइलवरची कामे त्याच्या अंगावर पडली तर तो दोन महिन्यांत नमस्कार करून निघून जातो. ऑनलाइन कामे नियमित शिक्षकाकडे ठेवून पूर्ण शाळाभर शिकवण्याचे काम निवृत्ताकडे द्यायचे, इतकी वाटणी नेमणुकीच्या आदेशात लिहिली तरी पुरे.

तरुणांच्या रास्त रागावरही उपाय कागदातच आहे. करारावर माणूस बसला की वरच्या कार्यालयाच्या दृष्टीने काम चालू झालेले असते आणि भरतीचे मागणीपत्र मागे पडते. म्हणून कराराने भरलेली जागा बिंदुनामावलीत (आरक्षणानुसार पदांच्या नोंदवहीत) आणि मागणीपत्रात रिक्त म्हणूनच दिसली पाहिजे, आणि नियमित उमेदवार रुजू होईल त्या दिवशी करार संपेल हे आदेशात छापलेले हवे. निवृत्ताला याचे वाईट वाटत नाही. त्याला आपण कुणाच्या तरी पोटावर पाय देतो आहोत ही टोचणी नको असते. अनेक चांगले शिक्षक याच एका कारणाने आले नाहीत.

आता साखर कारखान्यांविषयी थोडे सविस्तर, कारण अनुभवी माणसाची खरी गरज आणि त्याची सगळ्यात तुटपुंजी पेन्शन या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र दिसतात. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. सिरप उकळून साखरेचा दाणा तयार करायच्या मोठ्या भांड्यावर, म्हणजे पॅनवर, काम करणारा पॅनमन हा त्यातला कळीचा माणूस. निर्वात पॅनमध्ये २५-२६ इंच व्हॅक्यूमवर सिरप उकळत असताना तो नळीतून थोडा नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरवतो आणि उजेडापुढे धरून दाणा पाहतो. दाणे एकसारखे आहेत का, मधे बारीक धुरळ्यासारखा नवा दाणा उठला आहे का, हे त्याला त्या काचेवर दिसते. सिरप फार घट्ट झाले किंवा व्हॅक्यूम एकदम वाढले की असा खोटा दाणा उठतो. तो वेळीच विरघळवला नाही तर पुढे सेंट्रिफ्युगल मशीनच्या जाळीतून मळी नीट सुटत नाही, पाणी जास्त मारावे लागते, साखर मळीबरोबर वाहून जाते आणि मागे पॅन तुंबले की गाळपही मंदावते. एका पॅनचा उकळा तीन-चार तासांचा. तो बिघडला तर तेवढे तास आणि तेवढी साखर गेली. आता कंटिन्युअस पॅन आले, ब्रिक्स म्हणजे सिरपचा घट्टपणा मोजणारी यंत्रे आली, तरी यंत्राचा आकडा आणि काचेवरचा दाणा यांचा मेळ घालणारा माणूस लागतोच.

असा माणूस ५८-६० ला निवृत्त होतो आणि पुढच्याच हंगामात त्याला निरोप जातो. तो येतोही. पण येतो ते बहुधा ठेकेदाराच्या नावावर, रोजंदारीवर, आणि रात्री आठ ते पहाटे चारची पाळीसुद्धा त्याच्या वाट्याला येते. हंगामी कायम कामगाराला बिगरहंगामात रिटेन्शन अलाउन्स मिळतो, याला नाही. ग्रॅच्युइटीच्या नियमांत हंगामी आस्थापनेसाठी दर हंगामाला सात दिवसांचा पगार असा हिशोब आहे. ठेकेदार दर हंगामी बदलला की त्याची सलगता तुटते आणि तीही मिळत नाही. इथे कारखान्याच्या हिताचीच एक सूचना आहे. निवृत्त पॅनमनला फक्त दिवसपाळी द्यावी, हंगामापुरता थेट कारखान्याचा करार करावा आणि प्रत्येकामागे दोन शिकाऊ मुले लावावीत. साठीच्या माणसाला रात्री गरम पायऱ्यांवर चढ-उतार करायला लावणे धोक्याचे आहे. त्याचे कौशल्य दोन हंगामांत दुसऱ्याच्या हातात उतरले तर पुढे निरोप पाठवायची वेळच येणार नाही. बॉयलर अटेंडंटचेही तसेच. तिथे सक्षमतेचा दाखला असलेला माणूस कायद्यानेच लागतो, म्हणून निवृत्ताला बोलावतात. पण नव्या मुलांना परीक्षेला बसवण्याकडे दुर्लक्ष होते.

ईपीएस सभासदांनी स्वतः सांभाळायच्या काही गोष्टी आहेत. नोकरी सुटली म्हणून पन्नाशीतच फॉर्म १०-डी भरून पेन्शन सुरू करू नये. ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कपात होते आणि ती कायमची राहते.  उलट ५८ नंतरही कामावर राहणार असाल तर पेन्शन ६० पर्यंत पुढे ढकलता येते आणि दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. पेन्शन सुरू झाल्यावर नवी नोकरी धरली तर पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला जाऊ शकतो, पण मालकाच्या हिश्श्यातून पेन्शन फंडाकडे काही वळत नाही. दोन्ही बाजूंचे १२-१२ टक्के पूर्णपणे निधीत जमा व्हायला हवेत. अनेक लहान कंपन्यांच्या पगारपत्रकात जुन्या पद्धतीने ८.३३ टक्के पेन्शनकडे टाकले जातात आणि पुढे पैसे काढताना दावा अडकतो. रुजू होताना फॉर्म ११ मध्ये आपण पेन्शनर आहोत हे लिहून द्यावे. ५५ नंतर निवृत्त होऊन निधीची पूर्ण रक्कम काढून घेतली असेल तर नव्या ठिकाणी सभासदत्व बंधनकारक नसते, हेही तिथेच नमूद करावे. राज्य कामगार विमा मात्र वय पाहत नाही. वेतन २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयची नोंदणी झालीच पाहिजे, मग कामगार ६२ चा असो की ६८ चा.

सुरक्षारक्षकाच्या कामात निधी आणि विम्याचे हेच नियम सर्वाधिक डावलले जातात. खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यानुसार रक्षकाची कमाल वयोमर्यादा ६५. त्यानंतर तोच माणूस त्याच गेटवर दिसतो, पण हजेरीपटावर त्याचे नाव नसते. निधी नाही, विमा नाही. बारा तासांची पाळी करताना पडला-झडला तर जबाबदार कोण, याचे उत्तर कुणाकडे नसते. गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणीने एजन्सीचे बिल मंजूर करताना सोबत त्या महिन्याचे निधी आणि ईएसआयचे चलन मागावे आणि गेटवरच्या प्रत्येकाचे नाव त्यात आहे का ते पाहावे. ज्याचे वय मर्यादेपुढे गेले आहे त्याला काढून टाकण्याऐवजी संस्थेने थेट आपल्याकडे, पाणी सोडणे, पत्रे वाटणे, बागेवर लक्ष ठेवणे अशा हलक्या कामावर घ्यावे, सहा तासांसाठी, लेखी पत्र देऊन.

करांच्या बाबतीत निवृत्त अधिकारी आणि अभियंते सर्वाधिक फसतात. कंपनी ‘सल्लागार’ म्हणून घेते आणि पगाराऐवजी व्यावसायिक शुल्क देते. त्यावर १० टक्के टीडीएस कापला की कर भरला असे वाटते. उदाहरण घ्या. पेन्शन दरमहा ६०,००० आणि शुल्क दरमहा ६०,०००, म्हणजे प्रत्येकी वर्षाला ७,२०,०००. बँक फक्त पेन्शन पाहते आणि नव्या करपद्धतीत तिच्यावर कर नाही म्हणून काही कापत नाही. कंपनीने ७२,००० कापले. एकूण १४,४०,००० मधून पेन्शनवरची प्रमाणित वजावट ७५,००० गेल्यावर १३,६५,००० उरतात. २०२५-२६ च्या दराने त्यावर उपकरासह ८८,१४० रुपये कर होतो. फरक १६,१४०, आणि ठेवींचे व्याज धरले तर त्याहून अधिक. साठी ओलांडलेल्या निवासी नागरिकाला अग्रिम करातून सूट आहे खरी, पण धंद्याचे किंवा व्यवसायाचे उत्पन्न नसेल तरच. सल्ला शुल्क सुरू झाले की ती सूट जाते. टीडीएस वजा जाता कर १०,००० च्या पुढे गेला तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेचे हप्ते लागू होतात, आणि चुकले की महिन्याला १ टक्का व्याज.

यातच एक फायद्याची बाजूही आहे. अभियंता, डॉक्टर, वकील, लेखापाल, तांत्रिक सल्लागार अशा ठरावीक व्यवसायांना जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरण्याची मुभा आहे. वरच्याच उदाहरणातला माणूस खरोखर तांत्रिक सल्ला देणारा अभियंता असेल तर त्याचे शुल्काचे उत्पन्न ३,६०,००० धरले जाईल, एकूण १०,०५,०००, आणि नव्या पद्धतीतल्या सवलतीमुळे कर शून्य. कापलेले ७२,००० परत मिळतील. त्यासाठी नेहमीचे विवरणपत्र चालत नाही, आयटीआर-४ भरावे लागते. प्रशासकीय किंवा कारकुनी कामाला ही सोय नाही. रोज हजेरी लावून, साहेबाच्या हाताखाली, ठरलेल्या वेळेत काम असेल तर ते शुल्क म्हणून दाखवण्यातच चूक आहे; तो पगार आहे. सहीपूर्वी करारातला हा शब्द वाचावा.

केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०२१ रोजी ज्येष्ठांच्या पुनर्नोकरीसाठी ‘सेक्रेड’ हे पोर्टल सुरू केले. चांगली कल्पना. पण नोंदणीचे वय ६०. आपल्याकडचा शिक्षक, लिपिक, साखर कामगार ५८ ला घरी येतो आणि कामाची सवय, ओळखी, उत्साह सगळे शाबूत असते ती पहिली दोन वर्षे तो या यादीबाहेर राहतो. जिल्हा कौशल्य विकास व रोजगार केंद्रांनी ५८ पासूनची वेगळी यादी ठेवली, तीत कामाचा प्रकार, किती तास, किती अंतरापर्यंत आणि बैठे की उभ्याचे हे चार रकाने असले, तर बोलावणाऱ्याचा आणि येणाऱ्याचा, दोघांचा वेळ वाचेल. निवृत्तांशी बोलताना मागणी फार मोठी नसते असेच दिसते. आठवड्यातून तीन दिवस किंवा रोज चार तास, घरापासून अर्ध्या तासात, बसून करता येईल असे, आणि महिन्याच्या ठरल्या तारखेला पैसे. पूर्ण वेळ नोकरी मागणारे मुख्यतः ईपीएसवाले, आणि त्यांच्या मागणीचे कारण वर आलेच आहे. त्यांची किमान पेन्शन वाढली तर त्यातले निम्मे लोक उद्या गेट सोडून घरी जातील.

शेवटी, येत्या नोव्हेंबरपुरते. राज्य व केंद्राच्या पेन्शनरांनी हयातीचा दाखला देताना पुनर्नियुक्तीचा रकाना कोरा सोडू नये. कराराने काम करत असाल तर तसे लिहावे, आदेशाचा क्रमांक आणि दिनांक टाकावा, छायाप्रत जोडावी आणि पोच घ्यावी. पुढे तपासणीत प्रश्न निघाला तर हीच पोच वसुलीपासून वाचवते. ईपीएस पेन्शनरांना नोव्हेंबरचे बंधन नाही. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, दिल्यापासून वर्षभर चालतो, त्यामुळे हंगामावर जाणाऱ्यांनी ते काम कारखाना सुरू होण्याआधीच, सप्टेंबरात करून घ्यावे.

आपला,
एक निवृत्त लेखा कर्मचारी,
जि. सांगली